परतीचं पेट्रोल

"ह्येच्यात काय आसा?" मामंजींनी माझी पिशवी एका हातानं उचलून पाहिली.

"नारळ."

"किती?"

"पाच. शकुनाचे."

"पाच नारळ इतके जड कधीपासून झाले गो?" असं म्हणून त्यांनी पिशवी सरळ वाळूवर ओतली. पाच नारळ घरंगळले. त्यांच्यामागून कोकमांचं गाठोडं आलं, मग कुळथाचं पीठ, सांडगी मिरच्या, आणि सगळ्यात शेवटी वरवंट्याएवढी गुळाची ढेप धप्पकन पडली.

"माझ्या लेकीक वाण देवक चललंस की दुकान घालून देवक?"

"रिकाम्या हातानं जाऊचा काय वास्तुशांतीक?" मीही ऐकून घेणारी नव्हते. "लोक काय म्हणतले?"

"लोक पेट्रोल भरून देतले काय? एक नारळ घे, शेवंतीचा लुगडा घे, बास. पेट्रोल व्हावन नेवकय पेट्रोल लागता, इतक्या तरी कळता मां तुका?"

माझे सासरे नारबा सारंग म्हणजे आचऱ्याच्या किनाऱ्यावरचं खवट नारळासारखं माणूस. मी त्यांना मामंजी म्हणायची. सगळा जन्म समुद्रावर काढला, म्हातारपणी मोठा ट्रॉलर विकला आणि एक लहानशी फायबरची होडी ठेवली, मागे लावायच्या मशीनची. माझा नवरा बोटीवर नोकरीला, सासूबाई जाऊन दोन पावसाळे झालेले. घरात आम्ही दोघंच. दिवसभर एकमेकांशी भांडायचो आणि रात्री एकाच ताटलीतून भाजलेले बांगडे खायचो. माझं माहेरही मासेमारांचं, त्यामुळे सुकाणू धरायला मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

जायचं होतं खारवडीला. राजापूरच्या पलीकडे खाडीच्या तोंडावर गाव आहे. तिथं माझी नणंद दिलेली, शेवंती वन्सं. त्यांनी नवीन घर बांधलं होतं. आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, होडीनं जायचंय ना, मग टाकी भरा, खारवडीला पोचा, तिथं पुन्हा भरा आणि परत या. पण खारवडीच्या धक्क्यावर पेट्रोलची पिंपं होती ती एकाच माणसाकडे, आणि तो माणूस म्हणजे आमचा जावई, वासुदेवराव. तिथंच तर सगळं अडलं होतं.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत पुष्कळ घरांत होती. पण पुष्कळांच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत पोर होतं, नातवाच्या बारशाला आजा पोटभर जेवतो आणि रीत आपोआप सुटते. वन्सांना झालंच नाही. देव झाले, दवाखाने झाले, मुंबईचे डॉक्टर झाले. वन्सांचे केस पिकायला लागले, पण मामंजींची रीत काही पिकून पडली नाही. उलट ते तिच्यात भरच घालायचे. "माझ्या बापाशीन माझ्या भयणीच्या गावातल्या बावडेचा पाणीसुद्धा घेतल्यान नाय," हे ते अभिमानानं सांगायचे. वन्सांकडे गेलो की ओट्यावर बसून आपल्या घरून नेलेलं पाणी प्यायचे आणि उन्हं कलायच्या आत उठायचे. सासूबाईंनाही तेच करायला लावलं. बिचारी माउली लेकीच्या चुलीकडे बघत बसायची. गेली तीही लेकीच्या घरचा घोट न घेता.

गणपतीत वन्सं माहेरी आल्या तेव्हा मोदक वळता वळता मला म्हणाल्या, "वयनी, आबांका सांग. माघात माझी वास्तुशांत आसा. माझ्या घरचा पाणी चलत नसात तर येव नकात. इले आणि तसेच गेले, तर मी ह्या घराक परत पाय लावचंय नाय. वांझ म्हणून लोकांनी म्हटलेला सोसलंय. बापाशीन माझ्या दारात बसून दर खेपेक तेच म्हणूचा, ह्या माका सोसणा नाय."

मी जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. मामंजींनी ऐकलं, तंबाखू चोळली, आणि म्हणाले, "जावक तर व्हयाच. बापूस आसंय मी."

"मग पाणी पितलात?"

ते उठून होडीकडे गेले. माझ्या प्रश्नाचं हेच उत्तर, हे मला दुसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं. एका टाकीत जेमतेम खारवडी गाठणारी होडी, तिला त्यांना जाऊन परत आणायची होती, जावयाच्या पिंपातला थेंब न घेता. एसटीनं जायचं तर खाड्यांना वळसे घालत सगळा दिवस, म्हणजे मुक्काम आलाच, मुक्काम म्हणजे जेवण आलं. होडी म्हणजे मात्र आपलं घर. ती आपल्या पाण्यानं आणि आपल्या पेट्रोलवर गेली-आली की रीत शाबूत.

मग काय विचारता! होडी वाळूवर उपडी घातली आणि तळाला धरलेले शिंपले खरवडून काढले. "ह्ये शिंपले म्हणजे फुकटचे पाव्हणे, पेट्रोल ह्येंच्यासाठीच जळता," असं म्हणत बसून बसून तळ आरशासारखा केला. मशीनचा पंखा एका कडेला वाकला होता, तो काढून ठोकून सरळ केला. होडीतली जादा फळी, जादा नांगर, लोखंडी पेटी, सगळं परसात आलं. रोज संध्याकाळी एकटेच समुद्रात जाऊन मशीन कमीजास्त फिरवून बघायचे. परत आले की मला शिकवायचे, "अर्ध्याच्या वाईच खाली ठेवलंस की मशीन निवांत पिता. जोरात फिरवलंस की दारुड्यासारखा ढोसता." वर जुन्या कॅनव्हासचं एक छोटं शीड शिवून घेतलं माझ्याकडून, वारा असला तर मशीनला विश्रांती म्हणून. पेट्रोलचे दोन कॅन जादा घेतले, एक पुढे आणि एक मध्ये, होडीचं नाक वर-खाली होऊ नये म्हणून.

मला त्यांचं कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा. माणूस इतकं डोकं चालवतो, इतके हात सोलून घेतो, ते कशासाठी? तर लेकीचं काही अंगाला लागू नये म्हणून!

निघायच्या पहाटे त्यांनी शेवटची काटछाट केली. मी भरून ठेवलेला पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन खाली उतरवला. "पाणी जड. कळशी पुरे. दुपारच्या आत पोचतलो."

"आणि परत येताना?"

"तेव्हाचा तेव्हा बघू. अर्धी कळशी उरात."

जमिनीकडून येणारा मतलई वारा तेव्हा अगदी भरात होता. खाडीबाहेर पडलो, शीड चढवलं, आणि मामंजींनी मशीन बंद केलं. आहाहा! इतकी वर्षं मशीनच्या धडधडीत राहून मला वाटायचं, समुद्राला दुसरा आवाजच नाही. त्या पहाटे नुसतं पाणी होडीच्या कुशीला चुळूचुळू वाजत होतं. मिठबाव मागे गेलं, दूर पुढे देवगडचा दिवा विझला. कुणकेश्वराच्या समोरून जाताना मामंजींनी हात जोडले आणि पुढे विजयदुर्गाचा तट दिसेपर्यंत लहान पोरासारखे खुशीत होते.

"बघ गो, एक थेंब जळूक नाय! थेंब नाय!"

"वन्सांका सांगा मां. खूश होतली." माझी जीभ काही आत राहात नाही.

त्यांनी शीडाचा दोर ताणला. मग म्हणाले, "तुका वाटता माका तिची माया नाय?"

"माका कित्याक वाटात? तिका वाटता."

त्यांनी सुकाणू उगीचच इकडून तिकडे केलं.

ऊन चढलं तसा वारा पडला. शीड ओल्या पंच्यासारखं लोंबायला लागलं. मशीन सुरू केलं, पण ते अर्ध्याच्या खाली. मी म्हटलं, "वाईच वाढवा." ते म्हणाले, "नाय." होडी आपली दिंडीत चालल्यासारखी चालली होती. सावली म्हणून नाही. माघाचं ऊन सकाळी गोड असतं, पण पाण्यावर परत उलटून अंगावर येतं तेव्हा ते वैशाखाचं होतं. मी एक भांडं प्यायले, त्यांनी एक घेतलं. मग पुन्हा. खारवडीची टेकडी दिसायला लागली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता आणि मी कळशी तिरकी केली तर तळाशी जेमतेम ओंजळभर पाणी.

"पी तू," मामंजी म्हणाले.

"तुमी घेवा."

"पी म्हटलंय मां. माका सवय आसा."

मी प्यायले आणि मग लख्खकन डोक्यात आलं. होडी सावकाश हाकली म्हणून पेट्रोल वाचलं, आणि सावकाश हाकली म्हणूनच पाणी संपलं. या माणसानं मशीनची तहान चमच्यानं मोजली आणि स्वतःची मोजायची विसरला!

"मामंजी, आता परतीच्या पाण्याचा काय?" मी विचारलं.

त्यांनी रिकाम्या कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुकाणू खाडीच्या तोंडाकडे वळवलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते.

धक्क्यावर वासुदेवराव उभेच होते. भला माणूस, हसतमुख. "या या, आबांनू! पूजा आटपली, पंगत बसता आसा." कॅनकडे त्यांची नजर गेली, पण जावई शहाणा, पेट्रोलचं नावसुद्धा काढलं नाही. मामंजींनी मला हळूच सांगितलं, "पेट्रोल अर्ध्यापेक्षा जास्त उरला हा. आजची ओहोटी आणि आजचो दुपारचो वारो धरलो, तर घराक पोचतो. उद्या वारो असोच मिळात असा नाय, मगे पेट्रोल पुराचा नाय."

टेकडी चढून घराशी आलो. सुंदर घर बांधलं होतं, लाल चिऱ्याचं, दारात आंब्याचं तोरण. वन्सं तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्या पायांवर पाणी घातलं, हातावर गूळ ठेवला, पेला भरून दिला. मी घटाघटा प्यायले. मग त्या बापाकडे वळल्या. पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला.

दर वेळी त्या पेला पुढे करायच्या आणि मामंजी हात आडवा करून "नको गो" म्हणायचे. त्या दिवशीही त्यांचा हात सवयीनं अर्धा वर आला. पण वन्सांनी पेला भरलाच नाही.

"बसा आबांनू," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामंजींचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी त्याच हातानं मिशी पुसली आणि ओट्यावर बसले.

पंगत बसली. सोलकढीच्या वाट्या फिरत होत्या, ओट्यावर आलेला प्रत्येक माणूस पाणी मागत होता आणि वन्सं प्रत्येकाला देत होत्या. बापाच्या समोरून चार वेळा गेल्या, थांबल्या नाहीत. मामंजी त्यांच्या हातातल्या तांब्याकडे बघायचे, मग समुद्राकडे बघायचे. मी जेवत होते खरी, पण घास उतरत नव्हता. हात धुवून तशीच चुलीकडे गेले.

"वन्सं, होडीतला पाणी सपला हा. ते तहानेले आसत. सकाळपासून उन्हात आसत."

त्या विळीवर नारळ खोवत होत्या. खोवणं थांबलं नाही. "मागले काय तेनी?"

"तुमका म्हायत आसा, ते मागूचे नाय."

"मगे मी विचारूचंय नाय." डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्यांनी दंडानं पुसलं. "इतकी वर्षा मी विचारलंय आणि तेनी नको म्हटला. आज त्येंका नको म्हणूक मी जागाच ठेवूचंय नाय, वयनी. तहानेले गेले तर जावंदेत. माझा म्हायार आजपासून सपला, असा समजान मी."

"मेले बिले वाटेत म्हणजे?"

"असा बोलू नको गो!" खोवणं थांबलं. पण त्या उठल्या नाहीत.

बाप तसा लेक. मी कपाळाला हात लावून बाहेर आले, तर मामंजी उठून उभे राहिले होते. लुगडं आणि नारळ देवासमोर ठेवून झालं होतं. "चल गो. ओहोटी लागली."

आम्ही उतरलो. वासुदेवराव सोबत आले. मी मागे वळून वळून बघत होते. धक्क्याशी पोचलो तेव्हा वन्सं टेकडीवरून खाली येताना दिसल्या. हातात काही नव्हतं. येऊन धक्क्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

मामंजी होडीत उतरले. मशीन पाण्यात सोडलं. कॅन हलवून बघितला. सगळं हिशेबाप्रमाणं होतं, वारा शीड भरेल असा सुटला होता आणि पाणी खाडीबाहेर ओढायला लागलं होतं.

"दोर सोड, मंजुळा."

मी दोराशी वाकले. सोडायला गाठ होती कुठं? एक ओढ दिली की सुटणारा फास. मी तो धरून खुडबूड करत बसले.

"काय झाला?"

"गाठ बसली हा, मामंजी. सुटणा नाय."

"माझी गाठ बसता?" ते उभं राहून माझ्या हातांकडे बघायला लागले. त्यांना कळलं, कळणारच. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बोटं चाळवत राहिले. आता ओरडतील, आता ओरडतील, असं वाटत होतं. पण ओरडायला घशात ओल पाहिजे.

वन्सं पाण्याकडे बघत होत्या. मामंजी लेकीकडे बघत होते. उन्हात त्या कपाळावर हात धरून उभ्या होत्या.

"शेवंते," मामंजींचा आवाज फाटला. "शेवंते, वाईच पाणी देतंस?"

वासुदेवराव जवळच्या त्यांच्या शेडकडे धावलेच, तिथं माठ होता. "तुमी रवा," वन्सं म्हणाल्या, इतक्या जोरात की ते जागच्या जागी थांबले. मग त्या बापाला म्हणाल्या, "पाणी घरात आसा."

"बरा."

"वर चढून येवचा लागतला. ओहोटी जाईत."

"जावंदे."

"वारो पडात."

"पडांदे गो."

"मगे परतीच्या पेट्रोलाचा काय?"

इतक्या दिवसांची त्यांची ती खरवडाखरवड, ते शीड, ते अर्ध्याच्या खाली ठेवलेलं मशीन, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेलं मी पाहिलं. त्यांनी वासुदेवरावांकडे बघितलं आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मिळात मां तुमच्याकडे?"

"असा काय विचारतात, आबांनू!" वासुदेवरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मामंजींनी मशीन वर उचलून अडकवलं. धक्क्याच्या पायरीवर पाय ठेवताना तोल गेला, तेव्हा वन्सांनी त्यांचा दंड धरला आणि घरापर्यंत सोडलाच नाही. चढणीवर अर्ध्यात ते थांबले. मला वाटलं दम लागला. ते म्हणाले, "तुझी आवस तहानेली गेली गो. तिका व्हया होता. मीच घेवक दिलंय नाय."

"चला आबांनू," वन्सं रडत रडत म्हणाल्या. "आधी पाणी पिया."

या वेळी ते ओट्यावर बसले नाहीत. सरळ आत गेले, माजघर ओलांडून चुलीच्या तोंडाशी, आणि जमिनीवर मांडी घालून बसले. वन्सांनी हंड्यात तांब्या बुडवला. मामंजींनी दोन्ही हातांनी तो धरला. आधी नुसता कपाळाला लावला. मग प्यायला लागले. पाणी मिशांवरून गळत होतं, सदरा भिजत होता, गळ्याची घाटी वर-खाली होत होती. वन्सं त्यांच्यासमोर उकिडव्या बसून एकटक बघत होत्या, जसं काही पाणी त्यांच्याच घशातून उतरत होतं.

तांब्या रिकामा झाला.

"आणखी?" वन्सांनी विचारलं.

मामंजींनी तांब्या पुढे केला.